बिनसहीचे कागद

१७ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगडाच्या पायथ्याकडे, अचलपूरच्या मुलखातल्या देवगावी, नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) आणि इंग्रज यांच्यात तह झाला. दोनच दिवस आधी गाविलगड पडला होता; त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेची वाताहत झाली होती. तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरात पडला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या लगतचे चार लाखांच्या वसुलीचे परगणे तेवढे भोसल्यांकडे राहिले. वऱ्हाडची पुढची शंभर-दीडशे वर्षे ज्या कागदाने बांधली, त्यावर इंग्रजांकडून मेजर जनरल आर्थर वेलस्लीने सही-शिक्का केला आणि भोसल्यांकडून वकील यशवंतराव रामचंद्र यांनी. यांपैकी पहिल्याच्या सहीला आज जगभर गिऱ्हाईक आहे. हा वेलस्ली म्हणजेच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९८ पर्यंत तो आडनाव ‘वेस्ली’ असे लिहीत असे, मग ‘वेलस्ली’ लिहू लागला आणि १८०९ पासून ‘वेलिंग्टन’. अचलपूरच्या पट्ट्यातून त्याने लिहिलेली पत्रे मधल्या काळातली, म्हणून शौकिनांना त्यांचे अप्रूप अधिक. यशवंतराव रामचंद्रांची सही मात्र कुणी मागत नाही.

यात रडण्यासारखे काही नाही. बाजार बाजारासारखाच वागणार. पण थोरामोठ्यांच्या सह्या आणि पत्रे जमवण्याच्या छंदाविषयी मराठीत जेव्हा कौतुकाने लिहिले जाते, तेव्हा बाजाराचे हे माप आपण नकळत उचलतो आणि सही हाच कागदाचा जीव समजू लागतो. हे माप आपल्याकडच्या कागदांना लागू पडत नाही. ते लावल्याने कागद वाचत तर नाहीतच, उलट मोडतात, असे मला म्हणायचे आहे. त्यासाठी अचलपूर आणि भोवतालच्या वऱ्हाडाइतका चांगला पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

जुने मराठी पत्र कसे असते ते आधी पाहू. लांबट पट्टीचा हातकागद, वर ‘श्री’, मग पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे ठरलेला मायना, पुढे सलग मोडी. बोरू कागदावरून फारसा उचलायचा नाही आणि दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ही रीत. अक्षर पाठवणाऱ्याचे नव्हे, कारकुनाचे. तारीख अरबी महिन्याची, चंद्राने मोजलेली. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ किंवा तसलाच ठराविक समारोप. कधी ही शेवटची ओळ पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने ओढलेली. सही कुठेच नाही. कागद खरा ठरतो तो वरच्या शिक्क्याने आणि मजकूर जिथे संपला तिथे उमटवलेल्या मोर्तबेने. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ही मोर्तब ‘मर्यादेयं विराजते’ अशी, पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’. मोर्तबेचा हेतू रोकडा होता: तिच्याखाली मागाहून कुणी ओळ घुसवू नये. शिवाय दप्तरात नोंद झाल्याचे ‘बार’सारखे शेरे, घडीच्या खुणा, शाई वाळवायला टाकलेल्या वाळूचे अडकलेले कण. शिवाजी महाराजांची ‘सही’ दाखवतो म्हणणाऱ्याकडे संशयानेच पाहावे, ते याचसाठी. ज्या राज्यात कागद खरा ठरायला सही लागतच नव्हती, तिथे ती शोधणे म्हणजे चुकीच्या घरी पाहुणचार मागणे.

ही काही मराठेशाहीपुरती तऱ्हा नव्हे. अचलपूरपासून हाकेच्या अंतरावर चमक नावाचे खेडे आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला आणि १८८८ मध्ये पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने तो छापला. पाचव्या शतकातल्या या दानपत्रात हेच गाव चर्मांक या नावाने एक हजार ब्राह्मणांना दिले आहे. दान बिनशर्त नाही: राज्याशी द्रोह करू नये, दुसऱ्या गावांवर चालून जाऊ नये, अशा अटी घातल्या आहेत. राजाची सही अर्थातच नाही. तांब्याचे पत्रे एका कडीत ओवलेले आणि कडीला राजमुद्रा. कडी तोडली की पत्रे सुटे होतात आणि मधला एखादा बदलला तरी कळत नाही. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या दरबाराला जे उमगले होते, ते आजच्या संग्राहकांपैकी अनेकांना उमगत नाही. दस्तऐवजाचा खरेपणा तो एकत्र असण्यात असतो.

सामान्य माणसाचे काय? तो तर लिहिणाराच नव्हता. गावच्या महजरावर, खरेदीखतावर कुणब्याने नांगर काढायचा, वाण्याने तागडी, आणि शेजारी कुलकर्ण्याने लिहायचे, ‘निशाणी नांगर’. वेड्यावाकड्या चार रेघांचा तो नांगर ही त्या माणसाची स्वहस्ताची एकमेव खूण. स्वाक्षरी म्हणावी तर याहून अस्सल कोणती? पण तिच्या खाली प्रसिद्ध नाव नाही, म्हणून तिला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून असे कागद आजही बंबात जातात.

याच मुलखातले रिद्धपूर घ्या. ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तिथे सिद्ध केले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्याची मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी आठवणींवरून ती पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणून तर त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथाचा म्हाइंभटांच्या हातचा एकही कागद आपल्याकडे नाही, आणि तरीही त्याचा अभ्यास अडला नाही. कारण अभ्यासकांनी पाठ शेजारी शेजारी ठेवले, कोणती पोथी कोणत्या आम्नायातून, म्हणजे पंथाच्या शाखेतून, आली ते पाहिले, मठांतल्या पोथ्यांची वंशावळ लावली.

आता सहीच्या जमान्यात येऊ. टपाल आले, इंग्रजी शाळा आल्या, पत्राखाली नाव घालण्याची रीत पडली. मग तरी सही महत्त्वाची ठरावी ना? इथेही वऱ्हाडची उदाहरणे दुसरेच सांगतात. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे उजवे हात. त्यांची सही असलेला कागद कुणी मिरवला तर नवल नाही. पण त्यांचा खरा ठेवा म्हणजे त्यांच्या रोजनिशा, ज्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोण भेटले, कुठे जेवलो, कोर्टात काय झाले, गप्पा कुठवर रंगल्या, अशा रोजच्या नोंदी. टिळकपर्वाचा अभ्यासक त्यांच्याशिवाय पुढे जात नाही. १९११-१२ च्या शिर्डीतल्या मुक्कामाच्या नोंदी साईभक्तांनाही तोंडपाठ आहेत. रोजनिशीखाली कोणी सही करत नसते. तिची किंमत तारखांच्या सलगपणात आहे. उद्या तिची पाने सुटी करून चौकटीत लावली तर प्रत्येक पान शोभिवंत होईल आणि रोजनिशी संपेल.

किंवा कवी ‘बी’ पाहा. नारायण मुरलीधर गुप्ते हा माणूस हयातभर वऱ्हाडातल्या सरकारी कचेऱ्यांतून कारकुनी करत राहिला. सही जमवणारा ‘बी’ हे अक्षर शोधणार. पण कवीच्या आयुष्याचा धागा सापडायचा तर तो गुप्ते नावाच्या कारकुनाच्या रजेच्या अर्जात, बदलीच्या हुकमात, स्नेह्याला टाकलेल्या कार्डात सापडायचा. टोपणनाव शोधणारी नजर त्या कागदांवरून घसरून जाते. मूर्तिजापूरला जन्मलेले कवी अनिल आणि अमरावतीच्या कुसुमावती यांची लग्नापूर्वीची पत्रे अनिलांनी कुसुमावतींच्या निधनानंतर ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध केली. ते पुस्तक उभे राहते ते दोन्ही बाजूंची पत्रे एकत्र असल्यामुळे. प्रश्न इथे आणि उत्तर तिथे. एकाच बाजूचा गठ्ठा उरला असता तर वाचकाला अर्धे बोलणे भिंतीआडून ऐकावे लागले असते. कथाकार जी. ए. कुलकर्ण्यांची सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रे आधी आली आणि सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’ नंतर, तेव्हा आधी वाचलेलीच पत्रे पुन्हा वाचावीशी वाटली, ती याच कारणाने.

यावर छंदिष्टांचा पहिला आक्षेप भावनेचा असतो. ज्या हाताने कादंबरी लिहिली त्याच हाताने माझ्या वहीत नाव लिहिले, या स्पर्शाला काही मोलच नाही का? आहे, आणि ते नाकारणे करंटेपणाचे होईल. १९८१ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर होते. त्यांचा जन्म अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याचा. त्या मांडवात कुणी वही पुढे केली असेल आणि गोनीदांनी तारीख-गाव घालून सही दिली असेल, तर ती वही त्या घरात जपली जावी, हे योग्यच. गांधीजींनी तर सहीचा उपयोगही करून घेतला: हरिजन निधीला पाच रुपये द्या आणि सही घ्या, असा त्यांचा चोख व्यवहार होता. पण ही मागून घेतलेली सही झाली. ती माणूस तिथे होता इतकेच सांगते. ती आणि कामासाठी लिहिलेले पत्र यांना एकाच तागडीत घातले, की पत्राचीही सहीच होते. युरोपात एकोणिसाव्या शतकात लोक सरळ पत्राच्या तळाची सही कात्रीने कापून अल्बमात चिकटवत आणि उरलेले पत्र टाकून देत. आपल्याकडे ते काम तिकिटे जमवणाऱ्या पोरांनी केले. तिकिटासाठी पाकिटाचा कोपरा गेला, त्याबरोबर टपालाचा शिक्का गेला, आणि आत नुसता ‘मंगळवार’ लिहिलेल्या पत्राचे साल कायमचे गेले.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बाजार नसता तर हे कागद रद्दीत गेले असते. पैसा मिळतो म्हणून तरी लोक पेटी उघडून पाहतात. हे अर्धे खरे. पैशामुळे कागद जळण्यापासून वाचतो, पण गठ्ठा फुटतो. कारण चाळीस पत्रे एका गिऱ्हाइकाला देण्यापेक्षा चाळीस जणांना एकेक विकण्यात नफा अधिक. जिथे खरेदीदार सगळा गठ्ठा घेतो तिथे बाजारही उपकारक ठरतो. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले स्नेही कॅलनबाख यांच्याकडचा पत्रसंग्रह २०१२ मध्ये लिलावात निघणार होता. भारत सरकारने तो लिलावाआधीच एकगठ्ठा विकत घेतला. दुसरे म्हणजे, नुसत्या सहीला भाव आला की खोट्या सह्या पिकतात. पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात व्रँ-ल्यूका नावाच्या भामट्याने मिशेल शाल या नाणावलेल्या गणितज्ञाला हजारोंनी बनावट पत्रे विकली. त्यांत क्लिओपात्राचेही पत्र होते, आणि तेही फ्रेंचमध्ये! शाल मूर्ख नव्हता. प्रत्येक कागदाखालचे नाव त्याने पाहिले. हा कागद आजवर कुणाच्या घरी होता, हे मात्र धड विचारले नाही. गठ्ठ्यात आलेल्या पत्राची बनावट करणे फार अवघड, कारण मग त्याच्या मागचे-पुढचे पत्र, हिशेबाचा कागद, उत्तराची नक्कल असे सगळेच बनवावे लागते.

तिसरा आक्षेप संस्थांवरचा: द्यायचे तरी कुणाला? ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि जपून ठेवलेल्या गोष्टींची नासधूस झाली, हे सगळ्यांनी पाहिले. शिवाय एकदा दिलेला कागद पुन्हा पाहायला मिळत नाही, ही जुन्या घराण्यांची तक्रार साफ खोटी नाही. अचलपूरचा माणूस पेटी पुण्याला किंवा नागपूरला धाडायला कचरतो, तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. पण देणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गांधी स्मारक निधीने देशभरातल्या लोकांकडून पत्रे गोळा करताना फोटोप्रती काढल्या. अशा प्रती हाताशी होत्या म्हणूनच गांधीजींचे समग्र वाङ्मय १०० खंडांपर्यंत पोचले. इतिहासकार राजवाड्यांनीही १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना मजकूर सार्वजनिक केला. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून ४५ भाग छापले, ते दप्तर रुमालांत बांधलेले, लावलेले होते म्हणून. आता तर खिशातल्या फोनने प्रत निघते आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. त्याने वर्षातून काही दिवस अचलपूर, अंजनगाव, अकोटला बसून घरोघरचे कागद घरमालकासमोरच टिपून घ्यावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना कायद्याच्या दोन-तीन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे; हयातीत न छापलेल्या पत्राला ही वर्षे पहिल्या प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून प्रसिद्ध लेखकाचे पत्र मिळाले की लगेच छापून टाकायचे, असे चालत नाही. ७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतो आणि खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. कागदावर सरकारी कचेरीचा नोंद-क्रमांक दिसला तर विकत घेण्याआधी तो बाहेर कसा आला ते विचारावे. सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करणे किंवा देशाबाहेर नेणे याला १९९३ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि रुमाल सोडण्यापूर्वी आहे त्या क्रमाने त्याचे फोटो घ्यावेत, पाकिटे पत्रांसोबतच ठेवावीत, पेन्सिलीने मागे बारीक क्रमांक घालावेत. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते परत निघत नाही.