युद्धकाळावरील कादंबरीचे मुखपृष्ठ

ऐतिहासिक कादंबरीचे हस्तलिखित हाती आले आणि तिचा काळ युद्धाचा असला, की चित्रकाराच्या डोळ्यांपुढे प्रथम तोफ, तलवार किंवा विमान उभे राहते. यात त्याचा फारसा दोष नाही. दुकानातील फळीवरच्या पुस्तकाकडे ग्राहकाची दृष्टी क्षणभरच वळते व तेवढ्या अवधीत विषय त्याच्या ध्यानी यावा, अशी प्रकाशकाची अपेक्षा असते. परंतु अशी कादंबरी युद्धापेक्षा युद्धात सापडलेल्या माणसांविषयीच अधिक असते. मुखपृष्ठाची खरी अडचण येथून सुरू होते.

तपशिलाची अचूकता ही त्यातली सोपी बाजू, मात्र तीही दुर्लक्षून चालत नाही. १९१४ सालच्या जर्मन सैनिकाच्या डोक्यावर चामड्याचे अणीदार शिरस्त्राण असे. पोलादी शिरस्त्राण त्याला १९१६ मध्ये मिळाले. फ्रेंच पायदळ तर १९१४ मध्ये लाल विजारी घालून रणांगणात उतरले होते. १८५७ च्या शिपायाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याची बंदूक नळीच्या तोंडातून भरली जाई आणि त्यासाठी काडतुसाचे टोक दातांनी तोडण्याची पद्धत होती. चरबी लावलेल्या काडतुसांवरून असंतोष भडकला तो यामुळेच. चित्रकाराने अनवधानाने त्याच्या हाती मागून भरण्याची रायफल दिली, तर कथेचे मूळ कारणच चित्रातून नाहीसे होते.

परंतु सर्व तपशील बिनचूक असूनही मुखपृष्ठ निर्जीव राहू शकते. जोसेफ हेलर याच्या ‘कॅच-२२’ या कादंबरीचे मुखपृष्ठ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात स्वतः बॉम्बफेकी विमानातून साठ मोहिमांवर गेलेल्या हेलरची ही कादंबरी १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठाचे काम पॉल बेकन या चित्रकाराकडे होते. तोही त्या युद्धात अमेरिकेच्या मरीन दलात होता. बेकनने एकामागून एक आराखडे केले, बदलले, बाजूला सारले. अखेरीस त्याने कागद फाडून एक लहानशी लाल मानवाकृती तयार केली आणि ती निळ्या पार्श्वभूमीवर ठेवली. ती नाचते आहे की जीव घेऊन पळते आहे, हे चटकन सांगता येत नाही. विमान नाही, गणवेश नाही. तरीही युद्धयंत्रणेच्या तावडीतून निसटू पाहणारा नायक तिच्यात पुरता उतरला आहे. कात्रीऐवजी हाताने फाडलेल्या त्या ओबडधोबड कडाच बहुधा ही किमया करतात.

आपल्याकडील विषय घ्यावयाचा तर पानिपतचा घ्यावा. १४ जानेवारी १७६१ चा रणसंग्राम रंगविण्याचा मोह कोणत्याही चित्रकाराला होईल. पण त्यापूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ मराठ्यांची छावणी कोंडली गेली होती. रसद तुटली होती, आणि लढवय्यांबरोबर स्त्रिया, यात्रेकरू व बाजारबुणगेही उपाशी होते. सैन्य त्या दिवशी बाहेर पडले ते या उपासमारीला कंटाळून. कादंबरीकाराने ही उपासमारच कथेच्या केंद्रस्थानी ठेवली असेल, तर भाल्यांच्या गर्दीपेक्षा धान्याची एक रिकामी गोणी त्याच्या लेखनाशी अधिक प्रामाणिक ठरेल. विक्रेता अशा चित्राकडे पाहून नाक मुरडील, आणि आत घोडदौड शोधणारा वाचक कदाचित पुस्तक पुन्हा फळीवर ठेवील. ही शक्यता चित्रकाराने प्रकाशकाला आधीच सांगून ठेवलेली बरी.