काकडीच्या वासाचा मासा

ज्याला खाण्यासाठीं आज कोणी धरीत नाहीं, बाजारांत ज्याला गिऱ्हाईक नाहीं, तरीही जो नाहींसा होत चालला आहे, अशा एका माशाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सॅक्रामेंटो व सान वाकीन या नद्या एकत्र येऊन सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरास मिळतात. त्यांच्या मुखाशीं असलेल्या त्रिभुज प्रदेशांत व खाडींतच राहणारा ‘डेल्टा स्मेल्ट’ हा बोटाएवढा रुपेरी मासा पृथ्वीवर अन्यत्र आढळत नाहीं. त्याच्या अंगास काकडीचा वास येतो. त्याचें आयुष्य बहुधा एकाच वर्षाचें. त्यामुळें एक हंगाम बिघडला कीं पिढीच बुडते.

त्याचें घर चहूं बाजूंनीं ढासळलें आहे. शेतांस व शहरांस पाणी पुरविण्याकरितां १९५१ पासून तेथें प्रचंड पंप चालत आले आहेत. त्यांच्या ओढीनें कांहीं प्रवाह उलटे वाहतात व मासे त्यांत खेचले जातात. समुद्राकडे जाणारें गोडें पाणी घटलें म्हणजे या माशास मानवणारा मचूळ पाण्याचा पट्टाही वर सरकून आकुंचित होतो. दुसरें संकट अन्नाचें. १९८६ सालीं आशियांतील एक लहान शिंपला तेथें आढळला. तोल राखण्यासाठीं जहाजें जें पाणी भरून घेतात, त्यांतून तो आला असावा. तो पाण्यांतील सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. मग त्यांवर जगणारे बारीक जीव, जें या माशाचें मुख्य अन्न, तेही दुर्मिळ होतात.

तिसरें कारण ऐकून आश्चर्य वाटेल: पाणी फार नितळ झालें! गाळ धरणांमागें अडतो, व परदेशांतून आलेलें पाणगवत उरलासुरला खालीं बसवितें. गढूळ पाणी हें या माशाचें पांघरूण होय. तें गेल्यावर शत्रूंस तो सहज दिसतो. त्यांत २०१२ ते २०१६ च्या अवर्षणानें पाणी आटलें व तापलें.

१९९३ सालीं कायद्यानें त्यास संरक्षण मिळालें. तथापि २०१८ च्या शरद ऋतूंतील पाहणींत एकही मासा जाळ्यांत आला नाहीं. पुढेंही कित्येक वर्षें तोच अनुभव आला. डिसेंबर २०२१ मध्यें हौदांत वाढविलेले मासे प्रयोगादाखल नदींत सोडण्यास आरंभ झाला.

एवढ्याशा माशासाठीं पिकांचें पाणी कां अडवावें, असें तेथील शेतकरी विचारतात. हा प्रश्न पोटाचा आहे; तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं. परंतु केवळ पंप बंद करून शिंपला जाणार नाहीं, कीं गाळ परत येणार नाहीं. आणि नदी सुधारल्यावांचून हौदांतले मासे सोडणें म्हणजे पडक्या घरांत बिऱ्हाड थाटणें होय. नदीस तिच्या पाण्याचा कांहीं वांटा राखून ठेवावयाचा कीं नाहीं, हें आतां तेथील लोकांसच ठरवावयाचें आहे, आणि त्यांच्या हातीं वेळ थोडा आहे.