फेकणारं हाड

डोणगावातलं एखादं बारा वर्षांचं पोरगं सीमारेषेवरून चेंडू थेट स्टंपांवर मारतं, तेव्हा सगळी वाहवा त्याच्या नेमाला मिळते. करामत असते खांद्याची. बेसबॉलच्या कसलेल्या खेळाडूंचं मोजमाप झालेलं आहे: फेकताना त्यांचा दंड सेकंदाला सुमारे 7000 अंश वेगाने आत वळतो. त्याच वेगाने फिरत राहिला, तर सेकंदाला 19 फेऱ्या!

हे जमतं, कारण या सांध्याला हाडाचा आधार फार थोडा. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल रुतलेला असतो; खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा बशीवर लिंबू ठेवावं तसा टेकलेला. त्याला जागेवर धरतात मुख्यतः भोवतीचे चार छोटे स्नायू. बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने 2023 मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं, तेव्हा धनुष्य ताणून निश्चल उभं राहताना हेच स्नायू राबत होते.

पण खरं थक्क करतं ते दंडाचं हाड. जन्मतः त्याचा गोळा बराच मागे वळलेला असतो आणि वाढत्या वयात हळूहळू पुढे येतो. लहानपणापासून फेक करणाऱ्या मुलांच्या फेकणाऱ्या हातात तो तुलनेने मागेच राहतो. खेळ चक्क हाड घडवतो!

हे घरी पाहता येतं. पोराला उताणं झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. आता पंजा डोक्याकडे झुकवायला सांगा, मग पायांकडे. फेकणारा हात डोक्याकडे जास्त जातो, पायांकडे कमी. दोन्हींची बेरीज मात्र दुसऱ्या हाताएवढीच भरते. म्हणून नुसता एका बाजूचा कमीपणा पाहून घाबरायचं कारण नाही. बेरीजच घटली, तर खांद्याची मागची बाजू आखडलेली असू शकते, आणि दुखापतीची शंका तिथे घ्यावी.

11 ते 16 या वयात आणखी एक जागा नाजूक असते. दंडाच्या वरच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. दंडाची सुमारे 80 टक्के लांबी तिथूनच वाढते. ती पक्क्या हाडाहून कच्ची, त्यामुळे रोजच्या अति फेकीने दुखावते. अशा वेळी हात ओढून मोकळा करायला जाऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. साधारण तीन महिने फेक थांबवली की बहुतेक मुलं पुन्हा मैदानात येतात.