‘गोळी सुटली’ म्हणजे काय?

‘शस्त्राची सफाई करताना पोलिसाच्या हातून गोळी सुटली’ अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. ‘सुटली’ या क्रियापदात माणसाकडे कर्तेपण उरत नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चाप कुणाच्या तरी बोटाने दाबलेला असतो. मनात नसताना तो का दाबला जातो?

पहिले कारण शरीरात आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी याचे तीन प्रसंग सांगितले आहेत. एका हाताने एखाद्याला घट्ट धरले की दुसऱ्या हाताची बोटेही आवळली जातात. तोल जाताना हात आधार शोधतो. आणि दचकल्यावर मूठ मिटते. झटापट आणि अंधार पोलिसांना नवे नाहीत. अशा क्षणी बोट चापावर असेल तर इच्छेचा प्रश्नच उरत नाही.

दुसरे कारण शस्त्राच्या रचनेत आहे. ग्लॉक पिस्तुलाला सहसा बाहेरून लावायचा सुरक्षा-खटका नसतो. शिवाय सफाईसाठी ते उघडताना चाप दाबावाच लागतो. नळीत काडतूस राहिले असेल तर गोळी उडते. वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी हे पिस्तूल घेतल्यावर दहा वर्षांत अशा १२०हून अधिक घटना घडल्याचे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९९८मध्ये उघड केले. अनेकांचे उजळणी-प्रशिक्षणही राहून गेले होते. लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ खात्याने खटक्याचे जुने पिस्तूल सोडून बिनखटक्याचे, हलक्या चापाचे पिस्तूल घेतले. तिथे २०१२मध्ये अशा १२ घटना होत्या, २०१४मध्ये ३० झाल्या. काही घटनांत पिस्तुलावरचा दिवा लावताना चापच दाबला गेला होता.

मग चाप जड केला तर? न्यूयॉर्क पोलिसांनी तो सुमारे साडेपाच किलो जोराचा, म्हणजे नेहमीच्या दुप्पट केला. तरीही नोव्हेंबर २०१४मध्ये ब्रुकलिनमधील एका इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात नवख्या पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी उडाली. ती भिंतीवर आपटून वळली आणि खालच्या मजल्यावरील निःशस्त्र तरुण मरण पावला. न्यायालयाने त्या पोलिसाला दोषी ठरवले.

म्हणून भरवसा सवयीवरच ठेवावा लागतो. गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ ठेवायचे. रिकामे करताना आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढायची आणि नळीत काडतूस बसण्याची मागची जागा डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून घ्यायची. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना नवे काडतूस नळीत शिरते. नंतर मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे दिसते, पण ते भरलेलेच असते.

ही सवय एकदा शिकवून टिकत नाही. तिचा नियमित सराव लागतो. आणि कुणी जखमी झाले नाही तरी सुटलेल्या प्रत्येक गोळीची नोंद व चौकशी व्हायला हवी. लॉस एंजेलिसमधली वाढ मोजणी होती म्हणूनच दिसली. जिथे केवळ ‘गोळी सुटली’ एवढेच लिहून प्रकरण मिटते, तिथे पुढची गोळी कशी थांबवायची हे कुणाला कळणार?