थांबण्याची ऐपत

कापसाचा पैसा हातीं आला कीं आधीं सावकाराचें देणें फेडावयाचें, पुढील हंगामाचें बियाणें घ्यावयाचें, लेकीच्या लग्नाची तजवीज करावयाची आणि त्यांतूनहि कांहीं उरलेंच तर अर्धा तोळा सोनें करून ठेवावयाचें, हा खानदेशांतील शेतकरी घराचा पिढीजात हिशेब होता. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पुढें त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. पण हिशेब दोन्हीकडे एकच राहिला. अशा घरांत वाढलेल्या मुलानें मोठ्या भांडवलाचा धनी व्हावें, चार लोकांनीं विश्वासानें आपला पैसा त्याच्या हातीं द्यावा, हें घडतें काय? आणि घडतें तें कशाच्या बळावर? हुषारी, उद्योग आणि नशीब हीं तीन उत्तरें सर्वांच्या तोंडीं असतात. परंतु या तिहींखेरीज आणखी एक गोष्ट लागते व तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती म्हणजे थांबण्याची ऐपत.

प्रथम परदेशांतील एक उदाहरण घ्यावें. बेंजामिन ग्रॅहॅम यांचा जन्म १८९४ सालीं लंडन येथें झाला. कुटुंब लवकरच न्यूयॉर्कला गेलें. १९०३ सालीं वडील वारले आणि चांगलें चाललेलें घर पाहतां पाहतां विपन्नावस्थेंत आलें. आईनें उसनवारीच्या पैशावर कांहीं भाग विकत घेतले होते. १९०७ सालीं बाजार कोसळला आणि तेंहि गेलें. मुलगा मिळेल तें काम करीत शिकला, १९१४ सालीं कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि पुढें गुंतवणुकीच्या शास्त्राचा आद्य आचार्य म्हणून जगन्मान्य झाला. वॉरन बफे हे त्यांचेच शिष्य. ग्रॅहॅम यांच्या शिकवणुकींत एक सूत्र वारंवार येतें: वस्तूची खरी किंमत आणि आपण दिलेलें मोल यांत पुरेसें अंतर असावें, म्हणजे आपला अंदाज चुकला तरी निभाव लागतो. त्यांच्या आईपाशीं तसें अंतर नव्हतें. उसना पैसा धनको मागेल तेव्हां परत करावा लागतो. भाव पुन्हा चढेपर्यंत वाट पाहण्याची मुभा ऋणकोस नसते.

आतां खानदेशाकडे वळावें. अजिंठ्याच्या डोंगराजवळ, जामनेर तालुक्यांत वाकोद नांवाचें खेडें आहे. तेथें १२ डिसेंबर १९३७ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत भवरलाल जैन यांचा जन्म झाला. शिकून ते वाणिज्य व कायदा या विषयांचे पदवीधर झाले. सरकारी अधिकाऱ्याची जागा हातीं येत असतांना ती सोडून १९६३ सालीं त्यांनीं व्यापार आरंभिला. भांडवल होतें सात हजार रुपये. आणि ती घराण्याच्या तीन पिढ्यांची शिल्लक होती. आरंभीं घासलेट विकलें. मग खतें, बियाणीं, ट्रॅक्टर यांच्या एजन्स्या आल्या. १९७८ सालीं केळ्यांची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेऊन त्यांत त्यांनीं पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास प्रारंभ केला. १९८० पासून प्लॅस्टिकचे नळ आणि पुढें ठिबक सिंचन असा विस्तार होत गेला. २००८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व २५ फेब्रुवारी २०१६ रोजीं ते निवर्तले.

या चरित्रांत धाडस सर्वांस दिसतें. त्या सात हजारांमागील तीन पिढ्या मात्र नजरेआड होतात. दोन पिढ्यांनीं ती शिल्लक मोडली असती, एखाद्या दुष्काळानें ती गिळली असती, तर तिसऱ्या पिढींतील हुषारीस उभें राहण्यास जागाच उरली नसती.

पण स्वतः कारखाना काढणें प्रत्येकास साधत नाहीं. ज्यांच्यापाशीं केवळ थोडी बचत आहे अशांचें काय, याचें उत्तर त्याच जिल्ह्यांतील अमळनेर देतें. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील, बोरी नदीच्या कांठचें हें तालुक्याचें गांव. संत सखाराम महाराजांचें स्थान, १९१६ सालीं स्थापन झालेलें तत्त्वज्ञान मंदिर आणि साने गुरुजींनीं १९२४ ते १९३० पर्यंत जेथें शिकविलें ती शाळा, यांमुळें तें महाराष्ट्रास परिचित आहे. तेथें डिसेंबर १९४५ मध्यें महंमद हाशम प्रेमजी यांनीं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापिली. वनस्पति तूप आणि धुण्याचा साबण हा तिचा माल. गांवांतील व आसपासच्या कित्येक कुटुंबांनीं तिचे भाग घेतले. १९६६ सालीं प्रेमजी वारले; एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम अमेरिकेंतील शिक्षण अर्धवट सोडून परतले. १९७८ सालीं आय. बी. एम. ही संगणकांची अमेरिकन कंपनी भारतांतून निघून गेली, आणि ती उणीव हेरून साबणाच्या या कंपनीनें संगणकाच्या धंद्यांत पाऊल टाकलें. विप्रो हें तिचें नवें नांव. २००० सालीं तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत दाखल झाले.

भागांची संख्या कशी वाढली, हें आंकड्यांनींच पाहणें बरें. १९९७ च्या आरंभीं एखाद्या घरीं या कंपनीचे शंभर भाग होते असें समजावें. त्या वर्षीं एका भागास दोन बोनस भाग मिळाले, झाले ३००. १९९९ सालीं दहा रुपयांच्या भागाचे दोन-दोन रुपयांचे पांच भाग करण्यांत आले, झाले १,५००. २००४ सालीं पुन्हा एकास दोन, म्हणजे ४,५००. २००५ सालीं एकास एक, म्हणजे ९,०००. २०१० सालीं तिनास दोन, म्हणजे १५,०००. २०१७ सालीं एकास एक, म्हणजे ३०,०००. २०१९ सालीं तिनास एक, म्हणजे ४०,०००. आणि २०२४ सालीं एकास एक, म्हणजे ८०,०००. ट्रंकेच्या तळाशीं पडलेल्या शंभर भागांचे सत्तावीस वर्षांत ऐंशी हजार झाले, आणि घरधन्यानें त्यासाठीं आणखी एक पैहि घातली नाहीं.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. बोनस भाग म्हणजे फुकटचें धन असें पुष्कळांस वाटतें. एका भाकरीचे चार तुकडे करावे वा आठ करावे, भाकरी तेवढीच राहते. बोनस दिल्यानें किंवा भाग विभागल्यानें कंपनीच्या मत्तेंत कांहींच भर पडत नाहीं. बाजारांत प्रत्येक भागाचा भाव त्या प्रमाणांत उतरतो. अमळनेरच्या घरांत संपत्ति आली ती भाकरीच मोठी झाल्यामुळें. कंपनीनें नफ्याचा मोठा हिस्सा न वांटतां धंद्यांत पुन्हा घातला, त्या नफ्यावर नफा झाला आणि तोहि पुन्हा धंद्यांतच गेला. चक्रवाढीचें हें गणित मराठी शाळेंतील मुलासहि येतें. त्यांत अवघड असतो तो फक्त काळाचा आंकडा.

आणि याच ठिकाणीं गरीब मनुष्य अडतो. अमळनेरांत ज्यांनीं भाग ठेवले त्यांची वाखाणणी होते. ज्यांनीं मधेंच विकले त्यांस लोक अदूरदर्शी म्हणतात. हा न्याय नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत ज्याच्या विहिरीचा तळ दिसूं लागला, किंवा ज्याच्या घरीं दीर्घ दुखणें आलें, त्यानें पेटींतील कागद विकून धान्य वा औषध आणलें असेल, तर त्यांत अविचार कोठें आला? ठेवणारापाशीं नेहमींच अधिक अक्कल होती असें नाहीं. बहुधा त्याच्या घरीं दुसरें मिळकतीचें साधन होतें, एवढाच भेद.

तथापि केवळ थांबून भागत नाहीं, हेंहि जळगांव जिल्ह्यानेंच दाखविलें आहे. जैन यांच्या उद्योगानें १९९० नंतरच्या दशकांत वित्तव्यवहार, ग्रॅनाइट इत्यादि अनोळखी धंद्यांत हात घातला, तोटा सोसला आणि पुन्हा शेतीचा मार्ग धरला. पुढें कर्ज वाढलें. ठिबक सिंचनावरील सरकारी अनुदानाच्या रकमा उशिरां हातीं येत, व्याज मात्र वेळेवर द्यावें लागे. २०१९ सालीं कर्जाचे हप्ते चुकले, भागांचा भाव कोसळला आणि निष्ठेनें भाग बाळगणाऱ्यांचें मोठें नुकसान झालें. २०२२ सालीं कर्जाची फेररचना झाल्यावर कंपनी सांवरूं लागली. येणें लांबलें आणि देणें दाराशीं आलें कीं कंपनीचीहि गत दुष्काळांतल्या शेतकऱ्यासारखीच होते. तेव्हां भाग घेणारानें कंपनीचें नांव व नफा पाहण्यापूर्वीं तिचें कर्ज पाहावें. शिवाय १९४५ च्या सुमारास निघालेल्या सर्वच कंपन्या विप्रो झाल्या नाहींत. बुडालेल्या कंपन्यांचे भाग चिकाटीनें बाळगणारेहि होतेच, पण त्यांच्या कथा कोणी सांगत नाहीं.

यावरून शहरांतील सुशिक्षित कुटुंबानें काय घ्यावें? वर्षभराचा घरखर्च हाताशीं असावा, आजारपणाची तरतूद असावी, व्याजाचें देणें नसावें. एवढें झाल्यावर जो पैसा दहा वर्षें लागणार नाहीं तेवढाच भागांत घालावा, आणि तोहि एकाच कंपनींत घालूं नये. पैसा उसना काढून तर कधींच घालूं नये.

दुसरी गोष्ट इतरांविषयींची आहे. प्रत्येक घराशीं एखादी मोलकरीण, एखादा शिपाई, एखादा शेतावरचा वाटेकरी बांधलेला असतो. त्याच्या मुलास हुषारीची वाण नसते. दुखण्याच्या दिवसांत मालकानें पगार चालू ठेवला, सावकाराऐवजीं पतपेढींत त्याचें खातें उघडून दिलें, मुलाच्या शाळेची फी वेळेवर भरली, तर त्या घरास चार महिने तग धरतां येतो. मग मूल शाळा सोडून मजुरीस जात नाहीं, आणि मातेस आपलें तोळाभर सोनें पडत्या भावानें मोडावें लागत नाहीं. वाकोदच्या घरांत अशीच शिल्लक तीन पिढ्या टिकली होती.