बेकार आणि अपंग मोटारचालक : विम्याच्या न्यायाचा विचार

कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेला रस्ता सुमारें ५५ किलोमीटरांवर गगनबावड्यास पोहोंचतो आणि तेथें सह्याद्रीच्या माथ्यावर त्याला दोन फांटे फुटतात. एक करूळच्या घाटानें वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावड्याच्या घाटानें खारेपाटणच्या बाजूस जातो. एके काळीं हा मुलूख पंत अमात्यांच्या जहागिरींत होता. आज तो घाटमाथा आणि कोंकण यांना जोडणारा दुवा आहे. पावसाळ्यांत येथें धुकें असें दाटतें कीं समोरून येणाऱ्या गाडीचे दिवेहि उशिरां दिसतात, आणि दरड केव्हां रस्त्यावर येईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणीं मोटार ही चैनीची वस्तु नव्हे. वडापची जीप, उंसाचा ट्रक, दुधाचा टेंपो यांवर येथल्या कित्येक घरांची चूल पेटते. म्हणूनच चालकाचा रोजगार गेला किंवा त्याचा हातपाय अधू झाला म्हणजे त्या घरापुढें जे प्रश्न उभे राहतात, त्यांत एक प्रश्न विम्याचाहि असतो. विमा-कंपन्या अशा माणसाशीं न्यायानें वागतात काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं विमा कोणाचा असतो हें नीट समजून घेतलें पाहिजे. इंग्लंडांत मोटारीच्या विम्याचा हप्ता ठरवितांना कंपनी चालकाचें वय, त्याचा व्यवसाय, त्याचे पूर्वींचे अपघात अशी चौकशी करते. व्यवसायाच्या रकान्यांत ‘बेकार’ असें लिहिलें कीं पुष्कळदां हप्ता चढतो. अपंगत्वाच्या बाबतींत मात्र तेथील २०१० च्या समानता-कायद्यानें कंपनीचे हात बांधले आहेत. विश्वसनीय माहितीच्या आधारावांचून आणि वाजवीपणा सोडून अपंगास वेगळी वागणूक देतां येत नाहीं. आपल्याकडे गोष्ट मुळांतच निराळी आहे. येथें विमा उतरविला जातो तो मुख्यतः गाडीचा; चालक त्या विम्याच्या छायेंत येतो तो गाडीमुळें.

आपल्या विम्याचे दोन भाग आहेत. पहिला सक्तीचा. गाडीनें रस्त्यावरील दुसऱ्या कोणाला इजा केली तर त्याची भरपाई व्हावी, यासाठीं तो असतो. १९३९ च्या मोटार-कायद्यांतील ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अंमलांत आली आणि १९८८ च्या कायद्यांत कायम राहिली. या भागाचे दर सरकार ठरवितें. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणें १००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० पर्यंतच्या मोटारीस ३,४१६ रुपये असा वार्षिक हप्ता ठरला. मालक वकील आहे कीं बेकार, धडधाकट आहे कीं लंगडा, हें या कोष्टकांत कोठेंच विचारलेलें नाहीं. दुसरा भाग ऐच्छिक. तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे झाले असले, तरी गाडीची किंमत, तिचें वय, इंजिनाची शक्ति आणि प्रदेश हेच त्याचे जुने आधार होत. खासगी मोटारींसाठीं मुंबई-पुण्यासारखीं आठ मोठीं शहरें पहिल्या विभागांत पडतात आणि गगनबावडा उरलेल्या देशाबरोबर दुसऱ्या विभागांत येतो. तेथील मूळ दर थोडा उतरता असतो. घाट कितीहि अवघड असला तरी कोष्टकाला त्याची ओळख नाहीं, ही या रचनेंतली एक गंमतच म्हणावयाची.

तेव्हां केवळ हप्त्याच्या दराकडे पाहिलें, तर सक्तीच्या विम्यांत बेकारास किंवा अपंगास कोणी अधिक दाम मोजावयास लावीत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु अन्याय नेहमींच दराच्या रूपानें येतो असें नाहीं. तो नियमांच्या फटींतूनहि आंत येतो.

प्रथम बेकाराचें पाहूं. समजा, एका चालकाची स्वतःची जीप आहे. धंदा बसला, जीप दारांत उभी राहिली आणि हप्ता भरावयास पैसे उरले नाहींत. लागोपाठ पांच वर्षें भरपाई न मागणाऱ्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत वाढत्या श्रेणीनें २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले कीं ही सारी कमाई बुडते. मग नवा विमा घेतांना गाडीची तपासणी होते आणि हप्ता पुन्हां पूर्ण भरावा लागतो. मधल्या काळांत तीच जीप रस्त्यावर काढली आणि पोलिसांनीं अडविली, तर पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात; पुढच्या खेपेस दंड ४,००० रुपयांचा. दंडाहून मोठें संकट म्हणजे विमा नसलेल्या गाडीखालीं कोणी सांपडला, तर सारी भरपाई मालकाच्या बोकांडीं बसते. ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याचीच सूट जाते आणि त्याच्याच डोक्यावर अधिक जोखीम येते. येथें कंपनीनें द्वेष केला असें म्हणतां येत नाहीं, पण नियम गरिबाला अधिक जड जातो हें खरें.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. बेकार चालक पुष्कळदां शेजाऱ्याची किंवा मित्राची गाडी एखाद्या फेरीसाठीं मागून घेतो. त्याच्याच चुकीनें गाडी घाटांत कलंडली आणि तो दगावला, तर त्याच्या बायकामुलांना काय मिळतें? गाडीचा मालक स्वतः चालक असेल तर त्याच्यासाठीं १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात-विमा आहे. २०१८ पूर्वीं तो दुचाकीस एक लाख आणि मोटारीस दोन लाख इतकाच होता. पण तो विमा नोंदणीकृत मालकाचा. गाडी मागून नेणारा त्यांत बसत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २००९ च्या निंगम्मा खटल्यांत आणि पुन्हां २०२० मध्यें रामखिलाडी खटल्यांत असें मानलें कीं गाडी मागून घेणारा हा मालकाच्याच जागीं उभा राहतो. तो ‘त्रयस्थ’ नव्हे. म्हणून त्याच्या वारसांना त्या गाडीच्या विमा-कंपनीकडून त्रयस्थाची भरपाई मागतां येत नाहीं. पगारी चालकाची स्थिति बरी आहे. कामावर असतांना इजा झाली तर त्याची कायदेशीर भरपाई सक्तीच्या विम्यांतच येते. याचा अर्थ असा कीं नोकरी जातांच चालक केवळ पगारालाच नव्हे, तर विम्याच्या आश्रयालाहि मुकतो, आणि हें त्याला बहुधा ठाऊकहि नसतें.

आतां अपंगांकडे वळूं. पहिला प्रश्न परवान्याचा. अपंगत्व आलें म्हणजे मोटार चालविण्याचा हक्क संपला, ही समजूत चुकीची आहे. कायदा ‘अनुकूलित वाहना’चा स्वतंत्र परवाना मान्य करतो. हातानें चालणारा ब्रेक किंवा बाजूचीं चाकें लावून गाडी अपंगाच्या सोयीची करतां येते. मात्र तो बदल नोंदणीपुस्तकांत चढविला पाहिजे. २००२ च्या मोटार दरपत्रकानें अशा नोंद झालेल्या गाड्यांना स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत ५० टक्के सूट ठेवली होती. दर मोकळे झाल्यावर सूट देणें हा कंपनीच्या व्यवहाराचा भाग झाला. तेव्हां विमा घेणाऱ्यानें ती आवर्जून मागितली पाहिजे. उलट, फेरफार करून तो नोंदविला नाहीं, तर अपघातानंतर कंपनीला भरपाई नाकारण्यास आयतें निमित्त सांपडतें. जून २०२० मध्यें सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांनाहि परवान्याची वाट मोकळी झाली. परवाना वैध आहे तोंवर केवळ अपंगत्वाच्या सबबीवर अपघाताची भरपाई नाकारणें न्यायाचें नव्हे.

चालकास अपघातामुळेंच अपंगत्व आलें, तर त्याचें मोल कसें करावयाचें? येथें खरा झगडा होतो. १९२३ च्या कामगार-भरपाई कायद्याच्या परिशिष्टांत अवयवांचें कोष्टक होतें. हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेंत विलीन झाला. त्या कोष्टकांत एक अंगठा गेला तर ३० टक्के, एक हात गेला तर ६० टक्के, असा हिशेब असे. वैद्यकीय दाखल्यावरील टक्केवारी हीच कमाईंतील घट मानावी, असा युक्तिवाद विमा-कंपन्यांकडून वरचेवर होतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालांत हा गोंधळ दूर केला. शरीराचें अपंगत्व आणि कमाईचें अपंगत्व हीं दोन निराळीं मापें आहेत. डावा हात गेला तर वैद्याच्या हिशेबीं अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास असेल. पण तो माणूस मोटारचालक किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ सर्वच बुडाली. सरकारी कारकून असेल, तर कदाचित् नोकरी शाबूत राहील. वळणावळणाचा करूळ घाट एका हातानें कोण उतरणार? हें साधें व्यवहारज्ञान त्या निकालानें कायद्यांत आणलें.

उत्पन्नाचाहि असाच वाद असतो. वडापच्या किंवा ट्रकच्या चालकाजवळ पगाराचें पत्रक नसतें. कागद नाहीं म्हणून किमान वेतनावर हिशेब करावा, असा आग्रह धरला जातो. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें, जड वाहनाचा परवाना असलेल्या एका मृत चालकाच्या प्रकरणांत स्पष्ट केलें कीं किमान वेतनाचा आधार घेतां येईल, पण तोच अखेरचा मापदंड नव्हे. कसबाचा विचार झाला पाहिजे. अपघाताच्या वेळीं काम नसलेल्याच्या बाबतींतहि हाच विचार योग्य ठरतो. माणूस आज बेकार आहे म्हणून त्याच्या हाताचें कसब शून्य होत नाहीं.

मग या चालकांनीं काय करावें? प्रथम, सक्तीचा विमा खंडित होऊं देऊं नये. स्वतःच्या नुकसानीचा विमा परवडला नाहीं तर तेवढाच भाग सोडावा. दुसरें, पगारी चालक ठेवणाऱ्यानें त्याच्यासाठीं विमापत्रांत जादा जोखमीची नोंद करून घ्यावी. तिचा हप्ता माणशीं ५० रुपयांच्या आसपास असतो. तिसरें, बेकारानेंहि २०१५ पासून चालूं असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत नांव घालावें. वर्षाला २० रुपयांत मृत्यु किंवा पूर्ण अपंगत्वास दोन लाख आणि एक हात, एक पाय वा एक डोळा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वर्षें वय आणि बँकेंत खातें एवढें पुरतें, नोकरीचा दाखला कोणी मागत नाहीं. चौथें, कंपनीनें स्वतःच्या विम्याची मागणी अकारण नाकारली, तर आधीं कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास पुणें येथील विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें वकील लागत नाहीं. दुसऱ्याच्या गाडीमुळें झालेल्या इजेची भरपाई मात्र कोल्हापूरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मागावी लागते, आणि ती शक्यतों सहा महिन्यांच्या आंत मागणें हिताचें. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ कोल्हापुरांत बसूं लागल्यानें अपिलासाठींहि मुंबईची वाट धरावी लागत नाहीं. लंगडत न्याय मागावयास जाणाऱ्यास ही सोय लहान नव्हे.

एकंदरींत, हप्ता घेतांना विमा-कंपनी आपल्याकडे बेकारास किंवा अपंगास वेगळी मोजीत नाहीं. पण भरपाई देतांना त्याच्या दैन्याचाच आधार घेऊन रक्कम कमी करण्याकडे तिचा कल होतो, आणि गाडी मागून चालविणारा तर तिच्या वहींत येतच नाहीं. विमा म्हणजे अनेकांनीं थोडें थोडें देऊन एकाचें मोठें संकट वांटून घेणें होय. ज्याचें संकट सर्वांत मोठें, तोच या वांटणींतून गळत असेल, तर विम्याचा हेतु तेवढ्या प्रमाणांत अपुरा राहिला असें म्हणावें लागेल. ती उणीव न्यायालयांनीं कांहीं अंशीं भरून काढली आहे. राहिलेली भरून काढणें कायदा करणाऱ्यांच्या हातीं आहे, आणि तोंपर्यंत आपलें विमापत्र वाचून पाहणें प्रत्येक चालकाच्या हातीं आहे.