बिनतारी यंत्रांची पाळी

पाटाच्या पाण्यास पाळी नसेल तर काय होतें, हें बागाइतदारांस सांगावयास नको. सर्वांनींच एका वेळीं दारें धरलें, तर शेवटच्या शेतास थेंबही पोहोंचत नाहीं. हल्लीं मळ्यांतून मातींतील ओलावा मोजणारीं लहान बिनतारी यंत्रें बसूं लागलीं आहेत. त्यांच्या बोलण्यासही अशीच पाळी लागते.

हीं यंत्रें बॅटरीवर चालतात. एकाचा निरोप शेजारचें यंत्र घेतें, तें पुढच्यास देतें, आणि असा तो हातोहात घरापर्यंत येतो. जवळच्या दोन यंत्रांनीं एकाच लहरीवर एकदम निरोप धाडले, तर ऐकणाऱ्यास बहुधा एकही उमगत नाहीं. निरोप पुन्हा धाडावे लागतात व बॅटरी व्यर्थ झिजते. नुसतें कान लावून बसण्यासही पुष्कळ यंत्रांस जवळजवळ बोलण्याइतकीच वीज लागते. म्हणून आपल्या व शेजाऱ्याच्या पाळीपुरतें जागावें आणि एरव्हीं निजावें, हेंच त्यांच्या हिताचें.

पाळ्या ठरविण्याची युक्ति गणितांत आहे. कागदावर प्रत्येक यंत्राचें एक टिंब काढावें. ज्या दोहोंचें बोलणें एकमेकांस अडेल, त्यांस रेघेनें जोडावें. जोडलेल्या टिंबांस एकच रंग देऊं नये. रंग म्हणजेच पाळी. या विचाराचें मूळ १८५२ सालीं फ्रान्सिस गथ्री यांस इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवितांना सुचलेल्या प्रश्नांत आहे. नकाशास चार रंग पुरतात, हें ॲपेल व हाकेन यांनीं १९७६ सालीं संगणकाच्या साह्यानें सिद्ध केलें. यंत्रांच्या जाळ्यास मात्र चार पुरतीलच असें नाहीं.

येथें एक मेख आहे. अ, ब, क अशीं तीन यंत्रें ओळीनें आहेत. अ व क यांस एकमेकांचा आवाज ऐकूं येत नाहीं, परंतु ब दोघांचेंही ऐकतें. तेव्हां अ व क यांसही निराळे रंग हवेत. आवाज लगतच्या यंत्रापर्यंतच जात असेल, तर अशा सरळ ओळींतील ३० यंत्रांस तीनच रंग पुरतात. प्रत्येकास स्वतंत्र पाळी दिल्यास फेरीस ३० पाळ्या लागतील.

मोठ्या जाळ्यास कमींत कमी रंग किती लागतील, हें काढणें फार अवघड आहे. व्यवहारांत वेल्श व पॉवेल यांची १९६७ सालची रीत उपयोगी पडते. ज्या टिंबास अधिक रेघा, त्याचा क्रम आधीं. आणि शेजाऱ्यांनीं न घेतलेला पहिला रंग त्यास द्यावा.

यंत्रें घेतांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्या. सर्वांचीं घड्याळें आपोआप जुळतात काय? आणि पीक वाढल्यावर पाळ्या नव्यानें ठरतात काय? दाट पानोळ्यानें लहरी क्षीण होतात; लागणीच्या वेळीं काढलेल्या रेघा उंच उसांत खऱ्या राहत नाहींत. मुक्या झालेल्या यंत्राच्या भरंवशावर बसल्यास मुळें सुकल्याचें पानें कोमेजल्यावरच कळेल.